रुपीला रुतला काटा

"माशाला काटा असायचाच," खेकडा म्हणाला.

"असतो. पण हा वेगळा काटा आहे," टुणकी म्हणाली.

"काटा तो काटा. वेगळा कसा?"

कसा ते टुणकीला सांगता येईना. तिने नुसतेच गाल फुगवले.

सकाळपासून हेच चाललं होतं. बिळाच्या तोंडाशी खेकडा. दगडावर टुणकी बेडकी. आणि काठच्या उथळ पाण्यात रुपी मासोळी, आडवी पडलेली. मासा कधी आडवा होत नाही, बाळांनो. झोपतोसुद्धा उभ्यानं. तो आडवा झाला की समजावं, काहीतरी बिनसलं.

रोज काय व्हायचं? टुणकी दगडावरून उडी मारायची. टुण्णुक टप्प! खालून रुपी यायची. बुडुक! टुणकीच्या पायाला गुदगुल्या करायची. आज टुण्णुक झालं. टप्प झालं. बुडुक झालंच नाही.

रुपीच्या परात काटा रुतला होता. पर म्हणजे मासोळीचा पोहायचा पंख. आणि काटा केवढा? रुपीच्या निम्मा!

टुणकीने ओढून पाहिला. बेडकाची बोटं गुळगुळीत. सुर्रकन् निसटली. खेकड्याला मात्र दोन नांग्या, चिमट्यासारख्या. म्हणून तर ती त्याच्या दारात भांडत बसली होती.

शेवटी खेकडा कंटाळला. म्हणाला, काढतो गं बाई, पण पाणी बघ किती गढूळ. काटा सोडून परच तुटला तर? "आधी पाणी निवळू दे. मग काढतो."

पाणी कोणी गढूळ केलं? म्हशीने. ती तळ्यात मजेत डुंबत होती.

टुणकी निघाली. टुण्णुक टप्प, टुण्णुक टप्प.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी,
पाणी काही निवळेना,
खेकडा काटा काढेना,
मासोळीचा पर हलेना!"

म्हशीने एक कान हलवला. फटक. "माशाला काटा असायचाच," ती म्हणाली आणि रवंथ करू लागली.

टुणकी तिच्या नाकावरच जाऊन बसली. मग म्हैस म्हणाली, बाहेर आले की गोमाशा चावतात. पाठीवर बगळा बसला, तर तो त्यांना टिपेल. "आधी बगळा बसू दे. मग निघते."

टुणकी निघाली. टुण्णुक टप्प, टुण्णुक टप्प.

बगळा बाभळीखाली एका पायावर उभा होता.

"बगळेराव, बगळेराव,
म्हैस पाण्यातून निघेना,
पाणी काही निवळेना,
खेकडा काटा काढेना,
मासोळीचा पर हलेना!"

मासोळी म्हटल्यावर बगळ्याने मान लांब केली. "माशाला काटा असायचाच. मी काट्यासकट गिळतो."

"गिळायचीच असेल तर लाळ गिळ," टुणकी म्हणाली. एवढीशी बेडकी, पण घाबरली नाही.

बगळा खजील झाला. वर बोट... नाही, बगळ्याला बोट कुठलं? वर चोच करून म्हणाला, ते बघ माझं घरटं. पिल्लाला ऊन लागतंय. त्याला सोडून कसा जाऊ? "आधी बाभूळ सावली धरू दे. मग बसतो."

टुणकीने तिथूनच मान वर केली.

"बाभूळबाई, बाभूळबाई,
बगळा पाठीवर बसेना,
म्हैस पाण्यातून निघेना,
पाणी काही निवळेना,
खेकडा काटा काढेना,
मासोळीचा पर हलेना!"

बाभूळ सळसळली. "माशाला काटा असायचाच. मलासुद्धा आहेत. मी कधी रडले?"

"तो तुझाच आहे," टुणकी म्हणाली.

"असेल. किती पडतात, मी काय बघत बसू?"

पण बाभूळ मनाने वाईट नव्हती. तिने सांगितलं, घरट्यावर सावली धरणारी फांदी त्या शेळीने खाली ओढून धरलीये. पाला खाते आणि हिसके देते. हिसका बसला की काटा पडतो, थेट पाण्यात. "आधी शेळी फांदी सोडू दे. मग धरते."

टुणकी निघाली. टुण्णुक टप्प, टुण्णुक टप्प.

शेळी मागच्या दोन पायांवर उभी. पुढचे दोन फांदीवर. तोंड चालूच. करम करम, करम करम.

"शेळीताई, शेळीताई,
बाभूळ सावली धरेना,
बगळा पाठीवर बसेना,
म्हैस पाण्यातून निघेना,
पाणी काही निवळेना,
खेकडा काटा काढेना,
मासोळीचा पर हलेना!"

"माफाला काता अफायचात," शेळी म्हणाली. तोंडात पाला होता ना!

मग तिने घास गिळला आणि नीट बोलली. हौस नाही मला काट्यातून पाला ओढायची. ओठ सोलून निघालेत. पण पोट रिकामं आहे. ती बघ गवताची पेंढी. सकाळपासून बांधलेलीच पडलीये. "आधी माझी मालकीण गोजरा चारा घालू दे. मग सोडते."

टुणकी निघाली. टुण्णुक... टप्प. टुण्णुक... टप्प. आता पाय दुखायला लागले होते. जाता जाता तिने रुपीकडे पाहिलं. रुपी अजून आडवीच. तोंड तेवढं उघडमीट, उघडमीट करत होती.

टुणकीने पाय पुन्हा उचलले. टुण्णुक टप्प, टुण्णुक टप्प, टुण्णुक टप्प!

गोजराआजी तळ्याच्या पायरीवर गोधडी धूत होती. हातात लाकडी धोपटणं. धप्प! धप्प! धप्प!

"गोजराआजी, गोजराआजी,
शेळी फांदी सोडेना,
बाभूळ सावली धरेना,
बगळा पाठीवर बसेना,
म्हैस पाण्यातून निघेना,
पाणी काही निवळेना,
खेकडा काटा काढेना,
मासोळीचा पर हलेना!"

धप्प! "अगं बेडके, माशाला काटा असायचाच." धप्प! "त्यासाठी मी गोधडी अर्धी टाकू होय?" धप्प!

आता कोणाकडे जायचं? पुढे कोणीच नव्हतं. गोजराआजीच्या पुढे नुसती पायरी होती.

टुणकी त्या पायरीवर बसली. तिने आजीचे पाय पाहिले. अनवाणी, भेगाळलेले. तिने विचारलं, "आजी, तुझ्या पायात काटा गेला तर काय करतेस?"

"काय करते? आई गं म्हणून ओरडते. साऱ्या आळीला कळतं."

"रुपीला ओरडता येत नाही," टुणकी म्हणाली. "म्हणून मी ओरडतेय."

धोपटणं वर गेलं होतं. ते वरच राहिलं. धप्प झालंच नाही.

गोजराआजी उठली. गोधडी तशीच पाण्यात. पदर खोचला आणि तरातरा चालायला लागली. टुणकी पुढे, आजी मागे. टुण्णुक टप्प, तर तर तर. टुण्णुक टप्प, तर तर तर!

आणि मग काय झालं?

गोजराने चारा घातला.
शेळीने फांदी सोडली. झुप्प!
बाभळीने सावली धरली.
बगळा पाठीवर बसला.
म्हैस पाण्यातून निघाली. भस्स!

आणि पाणी? पाणी निवळेना. म्हैस निघताना आणखीच गढूळ झालं की!

टुणकीला धीर धरवेना. ती उडी मारणार, एवढ्यात आजीने तिला पदरात धरलं. म्हणाली, पाण्याला घाई करू नये, घाई केली की ते जास्त गढूळ होतं. गप्प बसा सगळे.

सगळे गप्प. म्हशीने कान हलवला नाही. शेळीने तोंड हलवलं नाही. बाभळीने पान हलवलं नाही. तुम्हीही हलू नका. श्श्श.

चिखल खाली बसला. हळू... हळू... हळू.

पाणी निवळलं! तळाचा खडा दिसला. खड्याजवळ रुपी दिसली. रुपीचा काटा दिसला.

खेकडा निघाला. तिरका तिरका, तिरका तिरका. नांगी उघडली. नांगी मिटली. एक हिसका, आणि सुळ्ळकन्!

खेकड्याने काटा काढला.

मासोळीचा पर...

हलला नाही.

टुणकीने श्वास रोखला. गाल फुगले, फुगले, लिंबाएवढे झाले.

मग पर हलला. इवलासा. जरासा. पुन्हा जरासा. रुपी डुलली, कलली, आणि हळूच सरळ झाली.

फुस्स! टुणकीने श्वास सोडला. बगळा आनंदाने एवढा नाचला की म्हशीच्या पाठीवरून घसरलाच.

गोजराआजीने काठचे दगड गोळा केले. रोपाला आळं करतात ना, तसं रुपीभोवती उथळ पाण्यात दगडांचं आळं केलं. मधून मधून फटी ठेवल्या, म्हणजे ताजं पाणी येईल-जाईल. म्हणाली, पर भरून येईपर्यंत इथेच राहा गं पोरी. म्हशीला बजावलं, डुंबायचं तर पलीकडे. बगळ्याला बजावलं, इकडे चोच वळवलीस तर धोपटणं आहे.

टुणकी आळ्याच्या दगडावर राखणीला बसली. ऊन आलं, गेलं. चांदणं आलं, गेलं. ती हलली नाही.

रुपीचा पर भरून आला. आणि एका सकाळी टुणकीने भीत भीत उडी मारली.

टुण्णुक. टप्प.

बुडुक!

पायाला गुदगुल्या. टुणकी हसली, हसली, पाणी प्यायली, पुन्हा हसली. सगळे धावत आले. आजीही आली, ओली गोधडी खांद्यावर टाकून.

खेकडाही आला. त्याने तो काटा जपून ठेवला होता. नांगीत उंच धरून तो सगळ्यांना मिरवून दाखवत होता. दाखवून झालं, आणि म्हणतो कसा, "एवढं कौतुक कशाला? मी एक काढला. हिच्या पोटात अजून किती आहेत. माशाला काटा असायचाच."

म्हैस म्हणाली, असायचाच. बगळा म्हणाला, असायचाच. शेळी म्हणाली, अफायचात.

झालं, भांडण पुन्हा सुरू.

टुणकीने रुपीकडे पाहिलं. रुपी सरळ पोहत होती, सरळ, बाणासारखी. मग टुणकीने खेकड्याच्या नांगीतल्या काट्याकडे पाहिलं. त्या सकाळी सापडला नव्हता तो शब्द तिला आता सापडला. तिने गाल फुगवले नाहीत. दगडावर नीट बसून ती म्हणाली,

"आतला काटा तोलतो, बाहेरचा काटा सलतो."