काठी बुडवण्याआधी

"मग चाचा, आता बदलायचं राहिलं काय? माझं डोकं?"

निवासने पाना बाकड्यावर आपटला.

दस्तगीर मिस्त्रींनी आपला चहाचा कप उचलून थोडा पलीकडे ठेवला.

राधानगरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून त्यांचं गॅरेज. चाळीस वर्षं चाचांनी चालवलं. आता त्यांचा शागीर्द निवास चालवतो आणि चाचा बाकड्यावर बसून असतात. निवासच्या हाताला गुण आहे, हे घाटातल्या सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक. निवासलाही ते जरा जास्तच ठाऊक.

दारात मल्लाप्पाचा ट्रक उभा होता. कोकणातून चिरे भरून घाट चढायचा आणि कोल्हापुरात उतरवायचे, हा त्याचा रोजचा धंदा. दोन महिन्यांत ट्रक तिसऱ्यांदा दारात आला होता. दुखणं तेच. घाटात चालता चालता मध्येच बंद पडायचा, अर्धा तास उभा केला की काही झालंच नाही अशा थाटात सुरू व्हायचा.

पहिल्या खेपेला निवासने डिझेलचा फिल्टर बदलला. दुसऱ्या खेपेला टाकीतून डिझेल ओढणारा पंप, आणि वर टाकीपासून इंजिनापर्यंतच्या सगळ्या नळ्या. शिवाय डिझेलचा दाब कळावा म्हणून केबिनमध्ये तारेनं एक मीटर बांधून दिलं. गॅरेजमध्ये त्याचा काटा जागचा हलत नसे. घाटात मात्र खाली यायचा. निवासच्या नाकीनऊ आले होते.

"मिस्त्री, काल वळणावर बंद पडली," मल्लाप्पा निवासला म्हणाला. "चाकाला दगुड लावूस्तवर दोन हात मागं सरली. मागं येष्टी हुती."

निवास पान्यावरचं ग्रीस पुसत राहिला.

"माणसं हुती येष्टीत... तुमी गाडी ठीक हाय म्हनला, म्हनून मी घाटात गेलो."

तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. निवासला ते फार लागलं. आणि लागलं की त्याला राग येई.

"अजून काय सांगायचंय?"

"टाकी फुल असली की लवकर बंद पडती बगा."

"ऐकलं का चाचा?" निवासने कपाळावर हात मारून घेतला. "डिझेल कमी पडलं तर गाडी बंद पडती हे म्हाईत हाय मला. हितं डिझेल जास्त झालं की गाडी उपाशी मरती."

"मी ऐकलं," चाचा म्हणाले. "तू ऐकलंस का?"

निवास ट्रककडे वळला.

"गाडी आली की तू पहिल्यांदा काय करतोस?"

"टाकी उघडतो. काठी बुडवतो. डिझेल किती हाय बघतो, वास घेतो. मग मीटर बघतो." निवास दात-ओठ खात म्हणाला. "बारा वर्षं तेच करतोय."

"आज काठी बुडवू नको."

"मग तपासू कसं?"

चाचांनी चहा संपवला. धोतर सावरत ते ट्रककडे गेले आणि मल्लाप्पाच्या शेजारी चढून बसले.

"टाकी भरलीया न्हवं?"

"आत्ताच. काठोकाठ."

"मग चल."

निवास तणतणत वर चढला. कामं सोडून म्हाताऱ्याला फिरवून आणायचं, एवढंच आता राहिलं होतं. सपाट रस्त्यानं ट्रक निघाला. पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. काटा जागच्या जागी.

"बघा, काय बी न्हाई," निवास म्हणाला. "काय बी नसतंच. मी जवळ असलो की काय बी नसतं."

"तू जवळ असलास की..." चाचा पुटपुटले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मग काटा हलला. थोडा खाली आला, तिथंच घुटमळला, पुन्हा खाली आला. इंजिनानं दोन गचके दिले आणि ट्रक रस्त्याच्या कडेला मुकाट उभा राहिला.

दोन महिन्यांत निवासनं हे दुखणं असं डोळ्यांदेखत पाहिलं नव्हतं. उडी मारून तो इंजिनाकडे धावला.

"तिकडं न्हाई," चाचा वरूनच म्हणाले. "आता टाकी उघड."

निवासने टाकीचं झाकण फिरवलं. ते निघेना. आतून कुणी धरून ठेवावं तसं चिकटून बसलं होतं. त्यानं पाय टेकवून जोर लावला.

सूं... करत हवा आत शिरली. किती तरी वेळ शिरत राहिली. टाकीचा आत गेलेला पत्रा धप्पकन बाहेर आला.

"चालू कर," चाचा म्हणाले.

निवासने इंजिनाजवळच्या डिझेलच्या हातपंपाचे चार झटके दिले. ट्रक सुरू झाला. काटा वर जाऊन ठाम उभा राहिला.

निवासने हातातलं झाकण उलटं केलं. मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं, ते भेगा भरायच्या करड्या लांबीनं बुजवलेलं होतं. लांबी दगडासारखी वाळलेली. तिच्यावर अंगठ्याचा ठसा.

ठसा त्याचाच होता.

वळणावर त्या भोकातून चार थेंब डिझेल सांडायचं आणि मल्लाप्पाच्या नव्या रंगावर काळा ओघळ यायचा. मल्लाप्पानं नुसतं बोलून दाखवलं होतं. निवासनं भोक बुजवलं, झाकणाला जाड रबर बसवलं, आणि आपल्या हाताखालून गेलेली गाडी गळत नाही, असं चारचौघांत सांगितलंही होतं. त्याला दोन महिने झाले होते.

त्यानं मल्लाप्पाकडे पाहिलं. मल्लाप्पा दुसरीकडे बघत होता. वळणावरची येष्टी निवासच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"डिझेल जायचं, पण त्याच्या जागी हवा जायला वाट न्हवती," तो म्हणाला. "टाकी फुल असली की आत हवा थोडीच, म्हनून लवकर बंद. आणि मी दरवेळी पहिल्यांदा झाकण काढायचो. गाडी बरी करायचो, मग तपासायचो."

चाचा ट्रकमधून खाली उतरले.

शरमेचा पुन्हा राग झाला. कुणावर तरी तो निघायलाच हवा होता.

"पण चाचा, सगळ्यात पहिल्यांदा टाकी उघडायची, हे शिकवलं कुणी? तुमीच न्हवं?"

चाचांनी त्याच्या हातातून झाकण घेतलं. खिशातला दाभण काढला. ठशाच्या बरोबर मधोमध टोचत, फुंकर मारत, सावकाश भोक मोकळं केलं आणि झाकण त्याच्या हातात परत दिलं.

"मीच. पण मी शिकवलं तवा झाकणाला भोक हुतं."