तिसऱ्या खड्याचे घर

एका राज्यात, जिथे साळुंक्या माणसांशी बोलत आणि माणसे ते मुकाट ऐकत, विजयपाल नावाचा राजा होता. त्याला तीन कन्या. एका मांत्रिकाने थोरलीला मागणी घातली. राजा नाही म्हणाला. त्याच क्षणी तिघी बहिणींचे तीन खडे झाले आणि राज्यातल्या नद्या वाहता वाहता थबकल्या.

थोरलीचा झाला पैलूदार माणिक, मधलीचा थेंबासारखा नीळ, आणि धाकटीचा पाचू; तो ना गोल, ना चौकोनी.

"न घासता, न कापता हे तिन्ही एका हारात बसवा," मांत्रिक म्हणाला. "मुली परत मिळतील."

राजाने भानुशेट सोनाराला बोलावले. भानुशेटने जन्मभर गोल खडे बसवलेले. पाचू काही केल्या कोंदणात बसेना. राजाचे निरोपामागून निरोप येऊ लागले, तेव्हा घाईने त्याने पाचूचा एक कोपरा सहाणेवर घासला. खडा लहान मुलीच्या आवाजात किंचाळला. भानुशेटचे दोन्ही हात मनगटापर्यंत दगड झाले, आणि तो दगडपणा वर चढू लागला.

त्याची एकुलती लेक केतकी. तिला तार ओढण्यापलीकडे काही येत नव्हते.

"आबा, मला शिकवा."

"हात गेले, पोरी. तोंड आहे तोवर ऐक."

तिने माणिक घेतला. तो कलंडला, पुन्हा कलंडला.

"पैलूला अंधार सोसत नाही," आबा म्हणाले. "कोंदणाची मागची बाजू उघडी ठेव. आत बारीक पायरी कोर. खडा तिच्यावर टेकला की मग त्याला धरणारे सोन्याचे काटे वाकव, समोरासमोरचे."

माणिक बसला. आबांचे खांदे दगड झाले.

मग तिने नीळ हाती घेतला.

"थेंबाचा जीव टोकात असतो. टोकाला आडोसा दे, जोर देऊ नकोस. आधी रुंद बाजू आवळ."

नीळ बसला. आबांची छाती दगड झाली. आता आवाज अडखळत येऊ लागला.

"पाचूला माप नाही. मेणात दाब. ठसा उमटेल तशी सोन्याची भिंत वळव. घर खड्यासारखं करायचं असतं, पोरी. मी खड्याला घरासारखा करायला गेलो."

केतकीने भिंत वळवली. पाचू अलगद आत उतरला. पण घासलेल्या कोपऱ्यापाशी फट राहिली.

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "कोपरा भरल्याशिवाय धाकटी श्वास घेणार नाही. ज्याने घासला, त्याच्याच देहातून तो भरेल."

"नाही," केतकी म्हणाली. "राजाची मुलगी दगडच राहू दे."

"ती किंचाळली तेव्हा तू इथं नव्हतीस," आबा म्हणाले. "मी होतो. बसव मला. आणि आवळताना हात हलू देऊ नकोस."

दगड ओठांवरून गेला. मग आबा आक्रसत गेले आणि लेकीच्या तळहातावर एक हिरवी कपची उरली. ती अजून कोमट होती.

केतकीने ती फटीत ठेवली. डोळ्यांतून धार लागली होती. तिने सोन्याची भिंत कपचीवर कणाकणाने दाबत आणली. हात हलला नाही.

तिघी बहिणी उठून उभ्या राहिल्या. नद्या समुद्राकडे निघाल्या. मांत्रिकाची मात्र राख झाली आणि वाऱ्याने उडून गेली. तोरणे लागली, नगारे झडले. केतकीने हार उचलून पाहिला. तिन्ही कोंदणे रिकामी होती.

"माग," धावत आलेला राजा म्हणाला. "गावे माग, सोने माग."

केतकी धाकटीकडे पाहत होती. त्या कोवळ्या हाताची करंगळी तेवढी राठ होती. तिच्यावर भाजल्याचा जुना डाग होता, भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या माणसाच्या बोटावर असतो तसा.

"महाराज, घटकाभर हा हात माझ्या हातात असू द्या."

धाकटीने न विचारता हात पुढे केला. केतकी ती करंगळी धरून बसून राहिली. त्या राज्यात पुढे सगळे सुखाने नांदले आणि वेडेवाकडे खडे केतकीसारखे बसवणारे दुसरे कोणी झाले नाही. पण त्या दिवशी, बाहेर नगारे वाजत असताना, तिला कोणी उठवले नाही.