येसूचा गुण्या

नव्या जात्याचं भोक मध्यावर नाही, असं शास्त्रीबुवांनी सांगितलं आणि सरदारांनी मसाजी पाथरवटाला कोठडीत टाकलं. त्याची बायको येसू गुण्या घेऊन थेट गढीवर आली.

"गोल दगडाला काटकोन कशाला, बाई?" शास्त्रीबुवा हसले.

येसूनं गुण्याचा कोपरा जात्याच्या कडेवर टेकवला. त्याच्या दोन्ही भुजा पलीकडे कडेला जिथं भिडल्या, तिथं दोरा ताणला. "हा झाला व्यास." कोपरा सरकवून तिनं तसाच दुसरा दोरा ताणला. दोन्ही दोरे भोकाच्या बरोब्बर मधोमध एकमेकांना छेदून गेले.

"हे कोणत्या ग्रंथात आहे?" शास्त्रीबुवा पुटपुटले.

"ग्रंथ तुम्ही शोधा, बुवा. तोवर मी धन्याला घरी नेते."

सरदार खो-खो हसले. कोठडीचं दार उघडलं, तेव्हा कुठं येसू मसाजीचा हात धरून मटकन खाली बसली.