टोपलीतला कापूस

कापसाच्या एका गावी एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींचा निरोप घ्यायला आला. गावातला सरकी काढण्याचा कारखाना तेव्हा चालू होता. हिवाळ्यात गल्लीगल्लीतून तंतू उडत आणि साऱ्यांच्याच भुवया पांढऱ्या दिसत. त्याच कारखान्याच्या गच्चीवरून गुरुजी दुर्बिणीतून मुलांना आकाश दाखवीत.

शिष्याला शहरातल्या मोठ्या वेधशाळेचे बोलावणे आले होते. पण तो उंबऱ्यावरच थांबला.

"गुरुजी, आपल्या आकाशगंगेसारख्याच, पण खुज्या दीर्घिका इतर दीर्घिकांच्या मोठ्या समूहात शिरल्या, की त्यांचा वायू जातो. मग त्यांच्यात नवे तारे जन्मत नाहीत. तुम्हीच शिकवलंत. माझंही तसंच होणार. मी जात नाही."

गुरुजींनी एका टोपलीत तळाशी सरकीसकट कापूस दाबला, वर पिंजलेला मोकळा ठेवला. "सायकलला बांध. उतार उतरून परत ये. झाकायचं मात्र नाही."

शिष्य हुशार. पिंपळाचे पानही हलेनासे झाले तेव्हाच निघाला, आणि वारा सुटण्याआधी पोहोचावे म्हणून सायकल जोरात हाणली. उताराखाली पोहोचून टोपलीत पाहतो तर वरचा कापूस नाहीसा! सायकल ढकलत तो हळूहळू चढ चढला.

"वारा होता का रे?"

"नव्हता, गुरुजी."

"मग कापूस काय भुतानं नेला?"

शिष्याने टोपली चाचपली; तळचा सरकीसकट कापूस मात्र जागच्या जागी होता.

"तुझ्या वेगानं नेला. समूहातली मोकळी जागा खरी मोकळी नसते. तिथे विरळ, तप्त वायू असतो. खुजी दीर्घिका त्यातून धावते, म्हणून तिला वारा लागतो. कडेचा सैल वायू जातो. मधला, तिच्याच ओढीनं घट्ट धरलेला, पुष्कळदा राहतो. वेग मंदावला की सुटलेला थोडा परतही येतो. बघ, चढावर तुझ्या टोपलीत कारखान्याचे तंतू येऊन बसलेत. ओढच नसेल तर मात्र सारं जातं. खोटं कशाला सांगू?"

"माझ्यात कसली ओढ आहे?"

"पहिल्यांदा शनीची कडी पाहिलीस, तेव्हा काय म्हणालास?"

शिष्य लाजला. "आईला बोलावून आणू का, म्हणालो."

"ते तळाशी दाबून ठेव. वरचं गेलं तर जाऊ दे."

शिष्य शहरात गेला. बोली बदलली, पोशाख बदलला. गावातला कारखानाही पुढे बंद पडला. आता तिथे कुणाच्या भुवया पांढऱ्या होत नाहीत.

एका संध्याकाळी वेधशाळेच्या पहारेकऱ्याने संकोचत दुर्बिणीला डोळा लावला आणि तो कितीतरी वेळ हललाच नाही. त्याच्या मागे उभा असलेला, केस पिकलेला शिष्य हळूच म्हणाला, "उद्या घरच्यांना घेऊन या."