वळणावरची रेघ

"म्हणजे मी बोल्ट आवळलाच नव्हता, असं म्हणायचंय तुम्हाला?"

नबीलाल मिस्त्री रॉकेलच्या डब्यात साखळी धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"चाचा, मी तुम्हाला विचारतेय."

"ऐकू येतंय."

"मग सांगा. आवळला होता की नव्हता?"

"आवळला असशील…"

"असशील?"

वृषाली काळोखेचे कान तापले. चार वर्षांत या माणसासमोर तिने आवाज चढवला नव्हता. आज चढला.

वाघजाईच्या डोंगराखाली, रस्त्याला लागूनच मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज. डोंगरावरून उतरणारी वाट मूळची गुरांची. आता तिच्यावरून सायकली उतरतात. पुण्याहून, कोल्हापुरातून, पार नाशकातून पोरं येतात. जीपच्या टपावर सायकली बांधून वर जायचं आणि दगडधोंड्यांतून अठरा वळणं घेत खाली यायचं. खाली आलेल्या सायकलीचं काहीतरी मोडलेलं असतंच. ते मिस्त्रींच्या दारात येतं.

मिस्त्री तीस वर्षं एसटीच्या डेपोत फिटर होते. घाटातल्या गाड्यांचे ब्रेक त्यांच्याकडे असायचे. निवृत्त झाले आणि सायकलींकडे वळले.

वृषालीने कराडला डिप्लोमा केला, कारखान्यात नोकरी केली, दोन वर्षांत कंटाळली आणि एक दिवस इथे येऊन उभी राहिली. मिस्त्रींनी तिला पहिले सहा महिने नुसतं पंक्चर काढायला लावलं. तिने काढली. आज ब्रेकच्या कामात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हे इतर म्हणायचे आणि तिलाही ते पक्कं ठाऊक होतं. किती जोर लावून आवळलं ते मोजणारा तिचा पाना ती बनातीच्या पिशवीत ठेवायची. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे.

"वृषालीचा ब्रेक आहे," असं पोरं एकमेकांना सांगायची. एवढ्यावर बोलणं संपायचं.

आणि आज सकाळी फलटणचा इंद्रजित भोईटे तिनेच ब्रेक केलेल्या सायकलवरून अकराव्या वळणावर पडला.

उद्याच राज्याच्या संघासाठी निवड होती. पहिले पाच जण संघात जाणार. आज सराव. इंद्रजित खाली आला तो सायकल ढकलत. हनुवटीतून रक्त येत होतं आणि गॅरेजसमोर जमलेल्या तीसचाळीस जणांना ऐकू जाईल असा तो ओरडत होता.

"ब्रेक लागलाच नाही! दाबला, दाबला… लागलाच नाही!"

सगळ्यांच्या माना वृषालीकडे वळल्या.

ती पुढे होणार, तोच मिस्त्री उठले. आधी पायात चपला सरकवून एकटेच वाटेने वर गेले. अर्ध्या तासाने परत आले. सायकल हातात घेतली, पुढचा लिव्हर एकदा दाबला, सोडला. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक आमची. ब्रेक ढिला राहिला. संध्याकाळी ये, नीट करून ठेवतो."

पुण्याहून आलेल्या तिघांनी भिंतीला टेकवलेल्या आपल्या सायकली उचलल्या. त्यांतला एक जाताजाता म्हणाला, "आमचं आम्ही बघून घेतो, मिस्त्री."

तेव्हापासून वृषाली पेटली होती.

"मी उघडते ती सायकल," ती आता म्हणाली. "तुमच्यासमोर उघडते."

"उघड."

तिने इंद्रजितची सायकल स्टँडवर चढवली. पिशवीतून पाना काढला. एकेक बोल्ट तपासला. ब्रेकच्या पट्ट्या काढून पाहिल्या. डिस्क फिरवून पाहिली. तेल पाहिलं. लिव्हर अर्ध्यावर येताच ब्रेक असा घट्ट बसत होता की चाक हलेना. बोल्ट न् बोल्ट तिने काल सोडला तसाच होता.

"बघा!" ती म्हणाली. तिच्या आवाजाला धार होती. "काही सुटलेलं नाही. काही म्हणजे काही नाही!"

"माहीत आहे मला."

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"माहीत आहे?"

"सकाळी लिव्हर दाबला ना मी… तेव्हाच."

"मग चूक आमची का म्हणालात?"

मिस्त्रींनी साखळी रॉकेलातून काढली आणि निथळायला टांगली. 

वृषाली तशीच तरातरा वर निघाली. अकरावं वळण गॅरेजपासून वीस मिनिटांच्या चढावर होतं, ती दहा मिनिटांत पोचली. मुरूम मऊ होता. उतरलेल्या चाकांचे सगळे ठसे त्यात होते. तिने वाकून पाहिलं आणि तिला हवं ते सापडलं.

ब्रेक लागला नसता तर चाक फिरत राहिलं असतं, टायरच्या नक्षीचे ठसे उमटले असते. इंद्रजित पडला तिथे मात्र नक्षी नव्हती. दोन हात लांब, गुळगुळीत, एकच रेघ होती. पुढचं चाक जागच्या जागी थांबून घसरत गेल्याची. म्हणजे ब्रेक लागला होता. नको तितका लागला होता. ऐन वळणात घाबरून इंद्रजितने चारही बोटांनी लिव्हर आवळला होता.

तिला हसू फुटलं. एकटीच होती, पण ताठ उभी राहिली.

मागे पावलं वाजली. मिस्त्री चढून आले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस, धाप लागलेली.

"ही बघा," ती म्हणाली. "ही रेघ. आता बोलावते सगळ्यांना. त्यालाही दाखवते. म्हणे ब्रेक लागला नाही!"

मिस्त्री रेघेपाशी आले. 

मग त्यांनी चपलेने ती पुसून टाकली.

एकदा इकडून, एकदा तिकडून. सावकाश. रेघ गेली. उरला नुसता मुरूम.



"पुरावा होता तो…" ती म्हणाली.

"कुणाविरुद्धचा?"

तिने वाकून रेघ होती तिथला मुरूम चाचपला.

"सायकलीचं काय मोडलंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. सांगितलं ना मी. धडधाकट आहे."

"हं… मग दुरुस्त काय करायचं?"

"काहीच नाही!"

"त्याला उद्या इथूनच उतरायचंय," मिस्त्री म्हणाले आणि उतार धरून खाली चालू लागले.

ती मागून ओरडली, "आणि माझं नाव? माझ्या नावाचं काय?"

ते थांबले नाहीत.

संध्याकाळी इंद्रजित आला. हनुवटीला तीन टाके. हाड कुठलं मोडलं नव्हतं, डॉक्टरांनी उतरायला परवानगी दिली होती. बावीस वर्षांचा उंच, रुंद खांद्यांचा गडी, पण आज खांदे पडलेले.

"मिस्त्री, उद्या नाव काढून घ्यावं म्हणतोय," तो आल्याआल्या म्हणाला.

"बघ बाबा. सायकल तर तयार आहे."

"झाली?"

"हात लावून बघ."

इंद्रजितने हात पुढे केला. वृषाली कोपऱ्यात एका चाकाच्या तारा ओढत बसली होती. तिने पाहिलं, त्याची बोटं थरथरत होती. लिव्हरपर्यंत गेली आणि मागे आली. पुन्हा गेली.

"आता लागतो," मिस्त्री म्हणाले. "पण ऐक. जरा तिखट करून ठेवलाय. चार बोटं घालशील तर फेकून देईल. एकच बोट. हे, तर्जनी. आणि वळणाच्या आधी दाबायचा. वळणात शिरलास की बोट उचलायचं. समजलं?"

"एकच बोट."

"वळणाच्या आधी."

"आणि वळणात उचलायचं."

"तसाच बसवलाय तो. दुसऱ्या तऱ्हेने चालणार नाही."

वृषालीच्या हातातली तार तशीच राहिली. मिस्त्रींनी त्या ब्रेकला बोटही लावलं नव्हतं. तिने काल केला होता तसाच तो होता, केसाएवढाही फरक नाही.

इंद्रजितने एका बोटाने लिव्हर दाबला. सोडला. पुन्हा दाबला. सायकल अंगणात नेली, दोन फेऱ्या मारल्या, थांबवली, चालवली, थांबवली. परत आला तेव्हा बोटं थरथरत नव्हती.

"वेगळाच लागतोय!" तो म्हणाला. "एकदम वेगळा."

"लागणारच."

"म्हणजे सकाळी खरंच ढिला होता. मला वाटायला लागलं होतं की… कसं सांगू, माझंच काहीतरी…"

तो थांबला. मग त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं.

"काल तुम्हीच केला होता ना ब्रेक, ताई?"

मिस्त्री जागेवरून उठले आणि हात धुवायला मागच्या नळावर निघून गेले.

वृषालीने वर पाहिलं. इंद्रजित वाट पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. बुडणारा माणूस काठाकडे बघतो, तसं तो तिच्याकडे बघत होता.

एक वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. चारच शब्दांचं: दोष ब्रेकचा नव्हता, तुझा. दुपारपासून तिने ते घोळवलं होतं. ते बोललं की तिचं नाव पुन्हा लख्ख होणार होतं. आणि हा पोरगा सायकल इथेच ठेवून फलटणची गाडी धरणार होता, तेही तिला स्पष्ट दिसलं.

मागे नळाचं पाणी वाहत होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्या हातून… ढिला राहिला."

पहिल्यांदाच तिने असलं काही म्हटलं होतं. 

"असू दे, ताई," इंद्रजित मोठ्या मनाने म्हणाला. "होतं कधीकधी. पुढच्या वेळी जरा बघून करत जा."

तिने खाली मान घातली आणि तार ओढली. इतकी ओढली की ती तुटली.

दुसऱ्या दिवशी ती अकराव्या वळणावर जाऊन उभी राहिली. दोरीच्या अलीकडे बघ्यांची गर्दी होती. वरून एकेक सायकल सुटत होती. शिट्टी वाजली की लोक बाजूला सरत, धुरळा उठे, चाकं खडखडत जात.

मिस्त्रीही आले होते. एका दगडावर बसले होते.

"भोईटे!" वरून आरोळी आली.

झुडपांतून इंद्रजित बाहेर पडला. फार वेगात होता. वृषालीने श्वास धरला. तिचे डोळे त्याच्या चेहऱ्याकडे गेलेच नाहीत. ते त्याच्या उजव्या हाताकडे होते.

एक बोट. बाकीची तीन मुठीला घट्ट.

वळणाच्या आधी बोट आत आलं. सायकलचा वेग आवरला. वळणात शिरताना बोट उठलं. चाक मुरुमाला धरून, जणू कुणी हाताने फिरवावं तसं फिरलं. मागे नक्षीचे ठसे उमटत गेले, एकन् एक खाच दिसावी असे. आणि तो पुढच्या उताराला लागून दिसेनासाही झाला.

खालून टाळ्यांचा आवाज आला. थोड्या वेळाने लाउडस्पीकरवरून नावं. इंद्रजित भोईटे, चौथा. संघात.

दोरीपाशी उभ्या असलेल्या पुण्याच्या तिघांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बघ, मिस्त्रींनी स्वतः हात घातला तर कसा चालतो ब्रेक." बोलताना त्याने वृषालीकडे पाहिलं आणि नजर वळवली.

 ती खाली वाकली. वळणावरचा तो ताजा ठसा तिने बोटाने चाचपला. आपल्या हाताखालून गेलेल्या दोनतीनशे सायकलींत असा ठसा तिने पाहिला नव्हता. छातीत काहीतरी भरून आलं. 

मिस्त्री तिच्याकडे बघत होते.

"अभिमान वाटतोय?" त्यांनी विचारलं.

तिला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"कशाचा?"

तिने तोंड उघडलं. पुण्याच्या तिघांकडे पाहिलं, खालच्या गर्दीकडे पाहिलं, पायाजवळच्या मुरुमाकडे पाहिलं…

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मग असू दे. तेवढा अभिमान चालतो."