सोन्याचे हात

एका राज्यात जुना रिवाज होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे प्रभू क्रूसावर गेला त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी राजानं मुकुट उतरवायचा, कमरेला पंचा गुंडाळायचा, आणि ख्रिस्ताच्या देवळापुढं बसलेल्या सगळ्या प्रजेचे पाय धुवायचे. प्रभूनं शिष्यांचे धुतले, म्हणून राजानं प्रजेचे. हे जो करील तो राजा.

गिदोन गादीवर आला आणि त्याला चिखलाच्या पायांची किळस आली. तेव्हा धूम्रकेश नावाचा मांत्रिक दरबारात आला. त्याचा झगा जमिनीवर लोळत होता. त्यानं पेटी उघडली. आत मनगटापासून तोडल्यासारखे दोन सोन्याचे हात. बोटं हलत होती.

"महाराज, हे तुमच्याऐवजी धुतील."

"आणि तुला काय हवं?"

"काही नको. उलट राज्यात शांतता होईल."

त्या वर्षी देवळापुढं त्या हातांनी प्रजेचे पाय धुतले. गार, गुळगुळीत हात. एकटी रूथमाय उठली. म्हातारी, जिभेची तिखट. म्हणाली, "प्रभूपेक्षा मोठा झालास होय रे? मेल्या, दुसऱ्याच्या हातानं कुणी राज्य करतं का?"

राजानं तिला कोठडीत घातलं.

आणि शांतता झाली. शांतता कसली, सुनसान! ज्याचे पाय त्या हातांनी धुतले, त्याचं पाऊल दुसऱ्याच्या उंबऱ्याकडं जाईना. निघालाच, तर पाय घोट्यातून फिरत, टाचा पुढं येत, आणि त्याला ओढत घरी आणून सोडत. पाटाचा बांध फुटला, कुणी गेलं नाही. शेजारी म्हातारं माणूस मेलं, कुणी गेलं नाही. गल्ल्यांत गवत उगवलं. राजा मात्र खूश. "प्रत्येकजण आपापल्या दारात. भांडण नाही, दंगा नाही. याहून चांगलं राज्य ते कोणतं?"

मग एका दुपारी देवळाची कमान ढासळली. राजाची एकुलती लेक लुदिया शिळेखाली सापडली. शिळा अशी, की अख्ख्या गावानं उचलावी तर उचलावी. खालून आवाज येत होता, "बाबा, मी आहे. अजून आहे."

राजानं हाक दिली. शिपाई धावले, आणि धावता धावता त्यांचे पाय फिरले. तोंडं शिळेकडं, चालणं घराकडं. रडत रडत गेले.

राजा एकटा उरला. पडक्या कमानीवर टिटवी बसली होती. ती बोलली.

"तिघांचे पाय धू. तुला शिव्या देणारीचे. तुला ज्याची किळस येते त्याचे. तुझं वाटोळं करणाऱ्याचे. सूर्य बुडाला, की लेक बोलायची थांबेल."

राजा तांब्या घेऊन कोठडीत गेला. रूथमायपुढं बसला.

"बेडीखाली धू. मळ तिथं आहे," ती म्हणाली.

त्यानं बेडी काढली आणि धुतलं.

"तोंड का असं तुझं?"

"लुदिया दगडाखाली आहे."

"मग बसलास काय, गाढवा? पळ!"

वेशीबाहेर शिमोन नावाचा महारोगी होता. त्याच्या पायांची बोटं झडली होती. राजा बाजूला जाऊन ओकला. तोंड पुसून परत आला, बसला, धुतलं.

शिमोन म्हणाला, "महाराज, सोन्याचे हातसुद्धा माझ्यापर्यंत आले नव्हते."

राजानं तांब्या उचलला. ऊन उतरत होतं.

धूम्रकेश खजिन्याच्या तळघरात होता. राजानं त्याचा झगा वर केला. आतले पाय उलटे होते, भुताचे असतात तसे.

तेवढ्यात सोन्याचे हात फरशीवरून सरपटत आले आणि तांब्या ओढू लागले.

"दे त्यांच्याकडं. तुला कशाला त्रास?" मांत्रिक म्हणाला.

राजानं एकेक बोट उकलून हात बाजूला केले.

मांत्रिकाचा आवाज बदलला. "मी लहान होतो. तुझ्या बापानं सगळ्या गावाचे पाय धुतले. माझे बघितले आणि पुढं गेला. गाव हसलं."

राजा म्हणाला, "मीही पुढंच गेलो असतो."

आणि त्यानं पाणी ओतलं. टाचा चोळल्या. भेगांतली माती काढली. मांत्रिक हुंदके देऊ लागला. घोट्यांत कडकड वाजलं, आणि बोटं हळूहळू पुढं आली. कोपऱ्यात सोन्याच्या हातांनी मुठी वळल्या. त्यांची राख झाली.

राजा देवळाकडं धावला. गवत तुडवत सगळ्या गल्ल्यांतून माणसं येत होती. पाय सरळ होते. शिळेला हात लागले. शिमोननं खांदा लावला. धूम्रकेशनं लावला.

"बघतोस काय नुसता?" रूथमाय राजावर खेकसली. "लाव खांदा!"

कुणी वाकून वाट करून दिली नाही. माणसं थोडी सरकली, एका माणसापुरती जागा झाली, आणि राजा तिथं शिरला.

शिळा उठली.

लुदिया धुळीनं पांढरी होऊन बाहेर आली. तिनं सगळीकडं पाहिलं.

"एवढी माणसं कुठून आली?"

"कुठून म्हणजे?" रूथमाय म्हणाली. "शेजारून."

तिथं तसं झालं. प्रभू करो, आपल्या इथंही होवो. आमेन.