शेजाऱ्याच्या दारापुढचा पाट

किजितो गावातून एकच पाट वाहतो. कड्याच्या पायथ्याशी झरा आहे. तिथून निघून तो केळीच्या बागा, भाताची खाचरं आणि मक्याची शेतं ओलांडत खालच्या कुरणापर्यंत जातो. रुंदी एका ढांगेची, खोली ढोपरभर. टांझानियातल्या या लहानशा गावात पाच जमातींची माणसं राहतात, पण कुणीही आपल्या दारापुढचा पाट स्वतः साफ करत नाही. तो शेजारी साफ करतो. सगळा पाट सारखा उतरता आहे, फक्त एका घरापुढे त्याचा तळ आणखी हातभर खोल आहे. पाणी तिथे क्षणभर थांबल्यासारखं होतं आणि मग पुढे जातं. तो खड्डा कोणी बुजवत नाही.

पाहुण्यांना पायी गाव दाखवायची रीतही अशीच आहे. वाटाड्या आपल्या जमातीबद्दल बोलत नाही, ते काम शेजाऱ्याचं. आम्हाला वरच्या अंगाची पारे लोकांची घरं सायतोती नावाच्या मासाई गृहस्थांनी दाखवली. दुसऱ्या वाटाड्या सेंझियाबाई स्वतः पारे, पण त्या मागून गप्प चालत होत्या. बाबांना स्वाहिली येते, त्यामुळे ते आईला आणि मला मराठीत सांगत होते.

खड्ड्यापाशी सायतोतींनी काठी टेकली.

"हे किओंडोचं दार. इथली गोष्ट पारे माणूस सांगणार नाही. लाजेल बिचारा."

"सांगा, सांगा," सेंझियाबाई म्हणाल्या. "खाली माझी पाळी आहेच."

फार पूर्वी इथे पाट नव्हता, असे सांगतात. लागोपाठ दुष्काळ पडले तेव्हा निरनिराळ्या मुलखांतली माणसं झऱ्याच्या आशेने आली. पारे आले, चागा आले, इराक्व आणि रांगी आले, आणि सगळ्यांत शेवटी मासाई आपली गुरं घेऊन खालच्या कुरणात उतरले. जो तो झऱ्यापासून आपापला चर खणू लागला. पाणी इतक्या चरांत वाटलं गेलं की कुणाच्याच शेतापर्यंत पोचेना.

किओंडो हा पारे जमातीचा, पाट काढण्यात निष्णात. केळीचं खोड उभं चिरून तो त्याची पन्हळ करी, ती जमिनीवर ठेवून तीत ओंजळभर पाणी ओती आणि पाणी कुठे सरकतं त्यावरून उतार ओळखी. त्याने सगळ्यांना एका पाटासाठी राजी केलं. शेती करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या दारापुढचा भाग खणायचा, असं ठरलं. कुरणाच्या तोंडापर्यंत पाट झाला, झरा त्यात सोडला, पण पाणी कुरणापर्यंत गेलंच नाही.

कुरणात नासेरियन नावाची मासाई विधवा होती. तिच्या वाट्याच्या गुरांपैकी एकच गाभण गाय उरली होती. ती मेली असती, तर नासेरियनला जगायला दुसरं साधन नव्हतं. ती गाईला घेऊन कोरड्या पाटातूनच वर निघाली. म्हणे प्रत्येक दारापुढे गाय थांबायची आणि तळाच्या खळग्यात तोंड घालून ओलसर माती हुंगायची. किओंडोच्या दारापुढे आली, तेव्हा ती गुडघ्यांवर बसली आणि पाणी पिऊ लागली. तिथे पाणी साचलेलं होतं. "पाणी इथेच अडतंय, तळ खोल आहे," नासेरियन म्हणाली.

"गुरं हाकणारी आता आम्हाला पाणी शिकवणार!" माणसं हसली. किओंडो संतापला. त्याने सगळ्यांसमोर पन्हळ ठेवली, पाणी ओतलं. पाणी जागचं हललं नाही.

"बघ, तळ सपाट आहे."

"हात काढ," नासेरियन म्हणाली.

त्याने हात काढला. पन्हळीचं एक टोक बोटभर खाली गेलं आणि सगळं पाणी त्याच्या घराच्या बाजूला धावलं. टोक आपणच उचलून धरलं होतं, हे किओंडोला ठाऊक नव्हतं. त्याने लबाडी केली नव्हती, असे सांगतात. लबाडी असती तर त्याला दंड करून भागलं असतं. मग सगळ्यांनीच आपापल्या दारापुढे पन्हळ ठेवून हात काढला. प्रत्येकाचा भाग हात-दीड हात जास्त खोल निघाला. तेव्हा किओंडोने झऱ्यावर शपथ घेतली, की यापुढे कोणी आपल्या दारापुढचा उतार मोजणार नाही आणि खणणारही नाही. ज्याने त्याने दुसऱ्याचं दार सांभाळायचं.

इथे सायतोतींनी काठी सेंझियाबाईंच्या हातात दिली आणि ते मागे झाले. आम्ही पाटाच्या कडेने खाली चालू लागलो. भात कापणीला आला होता. एक बाई दुसऱ्यांच्या घरापुढे पाटात उभी राहून शेवाळ काढत होती, आणि त्या घरची बाई पडवीत बसून तिला शेवाळ कुठे राहिलंय ते बोटाने दाखवत होती.

सगळ्यात शेवटचं घर मासाईंचं आहे, नासेरियनचं. पुढची गोष्ट सेंझियाबाईंनी तिथे उभ्या राहून सांगितली.

शपथेप्रमाणे किओंडोने कुरणातला भाग खणायचा आणि नासेरियनने किओंडोच्या दारापुढचा नीट करायचा, असं आलं. पण त्या काळी मासाई जमिनीला लोखंड लावत नसत. जमीन फाडणं हे त्यांच्यात पाप होतं. कळपाचा धनी तिचा दीर कोइनेत. तो म्हणाला, "कुदळ धरलीस तर तुझ्या हातचं दूध आम्हाला चालणार नाही." नासेरियनने एक दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी तिने कुदळ धरली. कोइनेत आपली माणसं आणि गुरं घेऊन निघून गेला. ती आणि तिची गाय मागे राहिली.

किओंडोच्या दारापुढचा तळ ती भरून काढत होती, तेव्हा तोच म्हणे बाहेर आला आणि म्हणाला, "एवढा एक हातभर राहू दे. मला दिसत राहील."

नवव्या दिवशी पाणी कुरणात पोचलं. गाय वाचली आणि व्यायली. पण दूध प्यायला नासेरियनच्या माणसांतलं कोणी नव्हतं. ती रोज मासाईंच्या रीतीने धुरी दिलेल्या वाळक्या भोपळ्यात दूध काढून पाटाच्या काठावर ठेवी आणि संध्याकाळी ओतून देई. एके दिवशी किओंडो खाली आला. त्याने भोपळा उचलून तोंडाला लावला.

"धुराचा वास येतो," तो म्हणाला. "पण दूध बरं आहे."

पुढच्या उन्हाळ्यात कोइनेत परत आला. त्याची गुरं पाटावर तुटून पडली. पोरं भुकेने रडत होती, पण नासेरियनने पुढे केलेल्या भोपळ्याला तो हात लावीना. शब्द दिलेला होता. तेव्हा किओंडोने तो भोपळा तिच्या हातून घेतला, त्याच्यासमोर एक घोट प्यायला आणि म्हणाला, "आता हे माझं उष्टं. तिच्या हातचं राहिलं नाही."

कोइनेतने तो भोपळा पोरांना दिला. शेवटी उरलेलं स्वतः प्यायला.

सेंझियाबाई थांबल्या. अंगणात दोन उंच माणसं काठीवर रेलून उभी होती, आणि त्यांची गुरं पाटावर पाणी पीत होती. ती कोइनेतच्या वंशातली आहेत, असं सायतोतींनी हळूच सांगितलं. घरातून एक म्हातारी आजी भोपळा घेऊन आली. सेंझियाबाईंनी तो घेतला नाही.

"आज शेजारी तुम्ही," त्या आईला म्हणाल्या.

आई घरी कुणाच्या उष्ट्या पेल्यातलं पाणीसुद्धा पीत नाही. ती भोपळ्याच्या काळपट तोंडाकडे पाहत राहिली. उन्हात उभी असलेली दोन्ही माणसं तिच्याकडे बघत होती. आईने भोपळा दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि ओठ पुसले. मग त्यांतल्या थोरल्याने पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला.

नासेरियनच्या घरचं दूध आजही आधी शेजाऱ्याने उष्टं करावं लागतं, मगच ते घरच्यांना चालतं.